प्रश्न पल्ल्याचा की भरवशाचा?

मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी अखेरच्या टप्प्यासह वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने आपले नवे विद्युत वाहन धोरण जाहीर केले. समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी विजेवर चालणाऱ्या मोटारींना टोलमाफी देण्याचे आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र उभारण्याचे आश्वासन त्यात आहे. आश्वासन स्वागतार्ह आहे. मात्र ते नवे नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असेच म्हटले होते. साडेसहा वर्षांनंतर तोच आकडा पुन्हा नव्याने उच्चारावा लागतो, याचा अर्थ काय, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.

विजेवरच्या मोटारीसंबंधी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती मात्र या प्रश्नाच्या वाटेला फारशी जात नाही. तिचा सारा भर पल्ल्यावर, म्हणजे ज्याला आता सर्रास ‘रेंज’ म्हणतात त्यावर असतो. एकदा बॅटरी भरली की गाडी किती किलोमीटर जाते, हा आकडा जाहिरातींत सर्वांत ठळक छापला जातो, आणि गिऱ्हाईकही प्रथम तोच विचारते. २०२० साली टाटांची पहिली नेक्सॉन इव्ही बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरचा होता. (युनिट म्हणजे घरच्या वीजबिलात असते तेच युनिट.) २०२४ च्या अखेरीस महिंद्रांनी जी ‘बीई ६’ ही गाडी आणली, तिच्या ७९ युनिटांच्या बॅटरीचा प्रमाणित पल्ला ६८० किलोमीटरच्या घरात आहे. पाच वर्षांत पल्ला दुपटीहून अधिक झाला. या हिशेबाने लांबच्या प्रवासाची चिंता एव्हाना मिटायला हवी होती. ती मिटलेली नाही. कारण ही चिंता मुळात गाडीतील बॅटरीसंबंधीची नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला चार्जर आपण तेथे पोहोचू तेव्हा चालू असेल की नाही, याविषयीची ती चिंता आहे. बॅटरी वाढवून तिच्यावर उतारा शोधणे खर्चिक तर आहेच, पण काही अंशी अन्यायाचेही आहे.

आकड्यामागचे वास्तव

प्रथम पल्ल्याच्या आकड्याचाच विचार करू. प्रमाणित पल्ला ज्या चाचणीवरून ठरतो, त्या भारतीय चाचणीचक्रात गाडीचा सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो, आणि तोही थोडाच वेळ. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेतील पदार्थविज्ञान येथे निर्णायक ठरते. ताशी ८० ऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीला प्रत्येक किलोमीटरमागे हवेशी झुंजण्यातच सव्वादोन पट शक्ती वेचावी लागते. पेट्रोलच्या गाडीचेही असेच होते. परंतु तिचे इंजिन मुळातच बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया घालवत असल्याने हा फरक तितका डोळ्यांवर येत नाही. विजेची मोटार काटकसरी असल्यामुळेच तिच्यात प्रत्येक उधळपट्टी उठून दिसते. विदर्भातील मे महिन्यात वातानुकूलनाचा भार आणखी वेगळा.

घाटाचेही असेच आहे. खोपोलीहून लोणावळ्यास जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. अठराशे किलो वजनाची मोटार एवढी उंच नेण्यासाठी जवळजवळ तीन युनिटे लागतात. म्हणजे सपाटीवर जेवढ्या विजेत अठरा-एकोणीस किलोमीटर अंतर कापता आले असते, तेवढी वीज नुसत्या चढणीवर खर्च होते. उतरताना मोटरच जनित्र बनून तिचा बराचसा भाग बॅटरीत परत घालते, हे खरे. पण पुण्याकडे जाणाऱ्याला ते समाधान परतीच्या प्रवासापर्यंत लाभत नाही.

दुसरी गोष्ट भरण्याच्या वेगाची. ‘वीस मिनिटांत ८० टक्के’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा उरलेल्या २० टक्क्यांविषयीचे मौन अर्थपूर्ण असते. धान्याचे पोते भरताना पहिली मापे भराभर ओतता येतात, पण शेवटची चार मापे पोते हलवून, दाबून बसवावी लागतात. लिथियमच्या बॅटरीचेही तसेच आहे. ती भरत येते तसा लिथियमच्या कणांना आत जागा मिळण्यास वेळ लागतो; घाई केली तर ते पृष्ठभागावर साचून बॅटरीचे आयुष्य घटवतात. म्हणून गाडीच आपणहून वेग कमी करते. लांबच्या प्रवासात शहाणा चालक बॅटरी साधारण १० टक्क्यांपर्यंत उतरू देतो आणि ८० टक्क्यांपर्यंत भरून पुढे निघतो. म्हणजे पहिला टप्पा सोडला तर त्याच्या हाती बॅटरीचा ७० टक्केच भाग असतो.

आता हा हिशेब समृद्धी महामार्गाला लावून पाहू. ४५ युनिटांची बॅटरी असलेली मध्यम मोटार ताशी शंभराच्या आसपास वेगाने शंभर किलोमीटरला १६ युनिटे खाते, असे धरू. घरून पूर्ण भरून निघाल्यास पहिला टप्पा अडीचशे किलोमीटरचा आणि पुढचे टप्पे प्रत्येकी १९५ किलोमीटरचे पडतात. ७०१ किलोमीटरसाठी ६० किलोवॅटच्या चार्जरवर पाऊण-पाऊण तासाचे दोन मुक्काम आणि पंधरा मिनिटांचा तिसरा, एवढे पुरेसे आहे. याउलट ७९ युनिटांच्या मोठ्या गाडीने शंभर किलोमीटरला १८ युनिटे खाल्ली, तरी ती एकाच मुक्कामात पोहोचते. भारी क्षमतेचा चार्जर मिळाला तर हा मुक्काम पंचवीस मिनिटांत आटोपेल. ६० किलोवॅटचाच मिळाला तर तासभर लागेल. म्हणजे दिवसभराच्या प्रवासात फरक पडला तो पाऊण ते सव्वा तासाचा. आठ तासांच्या प्रवासात माणसे चहा, जेवण आणि पाय मोकळे करण्यासाठी जो वेळ थांबतातच, तो यातून वजा केला तर फरक आणखी घटतो.

या फरकाची किंमत काय? जगातील बॅटऱ्यांचा सरासरी दर २०२४ साली युनिटमागे सुमारे ११५ डॉलर होता. त्या दराने जादा ३४ युनिटांची किंमत सव्वातीन लाख रुपयांच्या घरात जाते आणि गाडीचे वजन सव्वादोनशे किलोंनी वाढते. हे सव्वादोनशे किलो वर्षातून दोन-चार वेळा नागपूरला जाण्यासाठी विकत घ्यायचे आणि उरलेले सारे दिवस घर ते कचेरी वाहून न्यायचे. त्या बॅटरीतील विद्युतघट आपला देश अद्याप मुख्यतः चीनमधून आणतो, ही गोष्टही नजरेआड करून चालणार नाही.

घराघरांतील टाकी, गाडीगाडीतील बॅटरी

तरीही लोक मोठी बॅटरी मागतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. महाराष्ट्रातील नागरिकाला हा व्यवहार चांगला परिचयाचा आहे. नळाला पाणी कधी येईल याची खात्री नाही म्हणून तो गच्चीवर टाकी बसवतो. वीज कधी जाईल याचा नेम नाही म्हणून इन्व्हर्टर घेतो. नगरपालिकेचे पाणी पुरले नाही की कूपनलिका खणतो वा टँकर मागवतो. यांपैकी कोणतीही वस्तू हौसेची नाही. सार्वजनिक व्यवस्थेच्या बेभरवशाची ती खासगी किंमत आहे. गाडीतील जादा तीस-पस्तीस युनिटे हीसुद्धा अशीच गच्चीवरची टाकी आहे. पहिला चार्जर बंद असला तरी पुढच्यापर्यंत, तोही बंद असला तर त्याच्यापुढच्यापर्यंत जाता यावे, यासाठी ती घेतली जाते. ज्याला सव्वातीन लाख अधिक मोजणे परवडते तो आपली सुटका करून घेतो. ज्याला परवडत नाही त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर त्याने विजेची गाडी शहराच्या वेशीपर्यंतच वापरावी, नाही तर पेट्रोल-डिझेललाच चिकटून राहावे. सार्वजनिक सोय खात्रीची असती तर लहान बॅटरीची, बेताच्या किमतीची मोटारही कोल्हापूर-नागपूरला निर्धास्त गेली असती. पल्ल्याच्या स्पर्धेने झाकला जाणारा अन्याय तो हाच.

इतिहासाचा दाखलाही येथे उद्बोधक आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांसह जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटरचा मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला. तेव्हा जगात पेट्रोलपंप नव्हता. वाटेत इंधन संपले, तेव्हा त्यांनी वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून, डाग काढण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य विकत घेऊन टाकीत ओतले. पेट्रोलच्या गाडीला हे भाग्य आरंभापासून लाभले. तिचे अन्न डब्यात भरून नेता येत होते आणि कोणत्याही गावच्या दुकानात विकता येत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील शहरांत विजेच्या मोटारी लोकप्रिय होत्या. परंतु शहराबाहेर वीजच नव्हती. त्या गाड्या मागे पडल्या त्याला बॅटरीची दुर्बलता जेवढी कारणीभूत होती, तेवढेच हे शहराबाहेरचे अंधारलेले रस्तेही कारणीभूत होते. वीज बाटलीत भरून आणता येत नाही. ती जेथे पोहोचवली असेल तेथेच मिळते. म्हणूनच विजेच्या मोटारीचा पल्ला अखेर तिची बॅटरी ठरवत नाही, वाटेवरची व्यवस्था ठरवते.

मोजायचे काय?

आता आपल्या सरकारी व्यवस्थेकडे वळू. केंद्र सरकारने प्रयत्न केले नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. चार्जिंग केंद्र चालवण्यास वीजपुरवठ्याचा परवाना लागणार नाही, हा खुलासा एप्रिल २०१८ मध्येच झाला. ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. २०२४ साली आलेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये आणि चारचाकींसाठी २२,१०० जलद चार्जर असा संकल्प आहे. आकडे भरघोस आहेत. पण हे सारे आकडे उभारणीचे आहेत, चालू राहण्याचे नाहीत. अनुदान यंत्र उभे करण्यासाठी मिळते. ते पाचव्या वर्षी चालू आहे की नाही यावर कोणाचे उत्पन्न अवलंबून नसते. मग उद्‌घाटनाची फीत कापली गेल्यानंतर त्या यंत्राकडे पाहण्याचे कारण कोणाला उरते?

केवळ संख्या मोजल्याने काय होते, याचा एक धडा आपण आधीच घेतलेला आहे. सुरुवातीच्या काळात ‘भारत डीसी ००१’ या प्रमाणाचे १५ किलोवॅटचे चार्जर देशात बसवण्यात आले. त्या वेळच्या कमी दाबाच्या बॅटरी असलेल्या गाड्यांसाठी ते योग्य होते. पण लवकरच मोटारींनी ‘सीसीएस २’ ही वेगळी जोडणी स्वीकारली आणि नव्या गाडीला त्या यंत्राची वायर बसेनाशी झाली. दप्तरात ते चार्जर चार्जर म्हणूनच राहिले. रस्त्यावर मात्र ते नव्या मोटारवाल्याच्या दृष्टीने निव्वळ खांब होते.

दर २५ किलोमीटरला एक केंद्र, या सूत्राची परीक्षाही याच दृष्टीने करावयास हवी. समजा, कोणत्याही क्षणी पाचांपैकी एक चार्जर बंद असतो आणि प्रत्येक केंद्रावर एकच चार्जर आहे. तीन ठिकाणी थांबणाऱ्या प्रवाशाला तिन्ही ठिकाणी यंत्र चालू मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी भरते. आता तेच चार्जर, एकही न वाढवता, दर शंभर किलोमीटरला चार असे एकत्र बसवले तर? चारही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ६२५ मध्ये एक. तीन मुक्कामांच्या दोनशे प्रवासांत एखाद्याच प्रवाशाला निराश व्हावे लागेल. यंत्रे तितकीच, खर्च जवळपास तितकाच, पण भरवसा कितीतरी पटींनी वाढलेला. चार यंत्रांसमोर एकच रांग लागल्याने खोळंबाही कमी होतो आणि देखरेखीला एखादा माणूस ठेवणे परवडते. अर्थात वीजच गेली तर चारही यंत्रे एकदम बंद पडतील. म्हणून अशा केंद्रांना दोन वाहिन्यांवरून वीज देणे वा साठवणुकीची बॅटरी जोडणे आवश्यक ठरेल. कोणी म्हणेल, एक बंद असला तर पुढचा २५ किलोमीटरवर आहेच. पण प्रवेश-नियंत्रित महामार्गावर समोरच्या बाजूचे केंद्र दिसत असले तरी तेथे जाता येत नाही, आणि पुढच्या केंद्रावर आधीच्या केंद्रावरून परतलेल्यांचीच रांग असते. अंतर जवळचे असणे आणि सोय खात्रीची असणे या भिन्न गोष्टी आहेत.

अन्य देशांनी हा फरक ओळखून कायदे केले आहेत. ब्रिटनमध्ये ५० किलोवॅट वा अधिक क्षमतेच्या चार्जरांचे जाळे चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ यंत्रे चालू ठेवलीच पाहिजेत, असा दंडक नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. तो मोडल्यास प्रत्येक यंत्रामागे दहा हजार पौंडांपर्यंत दंड आहे. चोवीस तास मदतीचा दूरध्वनी आणि यंत्राच्या स्थितीची माहिती सर्वांना खुली करणे हेही तेथे सक्तीचे आहे. युरोपीय संघाने मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला, २०२५ अखेरपर्यंत किमान ४०० किलोवॅट एकूण क्षमतेचे केंद्र असावे, असा नियम केला. एप्रिल २०२४ नंतर बसणाऱ्या जलद चार्जरांवर कोणत्याही सभासदत्वाविना साध्या बँक-कार्डाने पैसे देता आलेच पाहिजेत, अशी अटही त्यात आहे. अमेरिकेतही सरकारी पैशाने उभारलेल्या महामार्गावरील चार्जरांना ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट घालण्यात आली. युरोपने केंद्रांमधील अंतर आपल्याहून अधिक ठेवले आहे, पण केंद्राची क्षमता आणि जबाबदारी यांबाबत हात आखडता घेतलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे स्थिती उलटी आहे. ज्या देशात भाजीवाला आणि रिक्षावाला मोबाइलवरून यूपीआयने पैसे घेतो, त्याच देशात महामार्गावरील चार्जर वापरण्यासाठी कंपनीगणिक वेगळे ॲप उतरवून, त्या त्या कंपनीच्या पाकिटात आगाऊ रक्कम भरावी लागते. सर्व चार्जर एका ॲपवर आणण्याची कल्पना केंद्राने २०२५ मध्ये मांडली, ती योग्यच आहे. पण त्या ॲपवर यंत्र केवळ नकाशावर दिसून भागणार नाही. ते या क्षणी चालू आहे की बंद, हेही खरे दिसले पाहिजे.

पैसा कोठून येणार?

यंत्र चालू ठेवण्यास पैसा लागतो, आणि तो आज चार्जरमधून सुटत नाही, अशी खासगी चालकांची तक्रार असते. तीत तथ्य आहे. महामार्गावरील चार्जर दिवसाचे बरेच तास रिकामा उभा असतो. त्याच्या जोडणीचा, रोहित्राचा आणि जागेचा खर्च मात्र चोवीस तास चालू असतो. मग हा सारा भार थोड्या गिऱ्हाइकांवर पडतो आणि घरच्या विजेच्या दुप्पट-अडीचपट दर आकारला जातो. त्यात २०२३ साली कर्नाटकातील प्राधिकरणाने चार्जिंग ही ‘सेवा’ असल्याने तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो, असा निर्णय दिला. गाडीवर मात्र हा कर ५ टक्के आहे. म्हणजे गाडी घेताना सवलत आणि ती बाहेरगावी नेताना भुर्दंड, असे हे विसंगत धोरण आहे.

यावर सरकारच्याच हातात दोन उपाय आहेत. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या सूचनांनुसार चार्जिंग केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या सौरऊर्जेच्या वेळेत सरासरी पुरवठाखर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने वीज द्यावयाची आहे. लांबचा प्रवास माणसे बहुतांशी दिवसाच करतात. तेव्हा ही स्वस्ताई गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते की मध्येच मुरते, हे वीज नियामक आयोगाने पाहिले पाहिजे. दुसरा उपाय टोलमाफीशी निगडित आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीचा एकेरी टोल २०२३ पासून ३२० रुपये आहे. तो माफ केला तरी रस्त्याचा खर्च माफ होत नाही. तो अखेर सार्वजनिक तिजोरीवरच पडतो. ही रक्कम ज्याला मिळते त्याने गाडी आधीच घेतलेली असते. तिच्यातील निम्मी रक्कम जरी राखून ठेवली आणि जो चालक ९८-९९ टक्के वेळ यंत्र चालू ठेवील त्याला ती वर्षअखेर दिली, तर गाडी घेण्यास कचरणाऱ्यांचाही मार्ग मोकळा होईल. टोलनाक्यावर वाचलेल्या १६० रुपयांपेक्षा मुक्कामाच्या ठिकाणी हमखास मिळणारी वीज कोणत्याही प्रवाशाला अधिक मोलाची वाटेल.

अतिवेगवान चार्जरांच्या बातम्यांनी हुरळून जाण्यातही अर्थ नाही. मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने एक हजार किलोवॅट क्षमतेच्या चार्जरची घोषणा केली आणि पाच मिनिटांत ४०० किलोमीटरचा पल्ला भरता येईल, असा दावा केला. तंत्रज्ञान म्हणून ही झेप मोठीच आहे. पण एक हजार किलोवॅट म्हणजे एक मेगावॅट. आपल्या ग्रामीण भागातील अनेक उपकेंद्रांत पाच मेगाव्होल्ट-अँपिअरचे रोहित्र असते. अशा पाच गाड्या एकदम लागल्या तर साऱ्या परिसराची वीज त्याच खाऊन टाकतील. ज्या गावच्या शेतकऱ्याला पंपासाठी रात्रीची पाळी सांभाळावी लागते, त्याच गावच्या शिवारातून जाणाऱ्या महामार्गावर मोटारींना अखंड वीज मिळत असेल, तर ती व्यवस्था फार काळ निर्विवाद राहणार नाही. केंद्रासोबत सौर पटल, साठवणूक आणि उपकेंद्राची क्षमतावाढ यांचा विचार म्हणूनच प्रारंभीच व्हावयास हवा.

खरी कसोटी गणेशोत्सवाची

सरासरीवर बेतलेली व्यवस्था गर्दीच्या दिवशी कोलमडते, हे कोकणवासीयांना वेगळे सांगावयास नको. मुंबई–गोवा महामार्गाचे २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण कसे रेंगाळले, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत लाखो चाकरमानी याच रस्त्याने गावाकडे निघतात. त्यांच्यातील थोड्या मोटारी जरी विजेवरच्या असल्या, तरी महाड-चिपळूणच्या परिसरात प्रत्येक चार्जरपुढे पाच-सहा गाड्या उभ्या राहतील, आणि पाऊण तासाचा मुक्काम चार तासांचा होईल. बाहेर भाद्रपदाचा पाऊस, गाडीत म्हातारी माणसे आणि लहान मुले, आणि पुढे केंद्र आहे पण चालू आहे की नाही ठाऊक नाही, अशा स्थितीत एकदा सापडलेले कुटुंब पुढच्या वर्षी विजेच्या गाडीचे नाव काढणार नाही. अशा दिवसांसाठी फिरते चार्जर, रांगेची आगाऊ नोंदणी आणि ८० टक्क्यांनंतर गाडी हलवण्याची सक्ती, एवढी तजवीज तरी आधी करता येण्यासारखी आहे.

आणि जागा? ती महाराष्ट्राकडे पूर्वीपासून आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर, पुण्याहून आजच्या अहिल्यानगरकडे, एस. टी.ची ‘शिवाई’ ही विजेवरची बस धावली. मधल्या पाऊण शतकात या महामंडळाने राज्यभर सुमारे अडीचशे आगारे आणि त्याहून कितीतरी अधिक स्थानके उभी केली. तेथे जागा आहे, निवारा आहे, स्वच्छतागृह आहे (ते स्वच्छ असावे, ही अपेक्षा वेगळी), उपाहारगृह आहे आणि चोवीस तास माणसांचा वावर आहे. विजेच्या बसेससाठी अनेक आगारांत उच्चदाबाची जोडणी घ्यावीच लागणार आहे. तिचीच क्षमता थोडी वाढवून बाहेरच्या बाजूस चार चार्जर मोटारींसाठी बसवले, तर बसला वीज लागते त्या वेळी बसला अग्रक्रम आणि एरवी मोटारींकडून उत्पन्न, असा मेळ घालता येईल. मोटारी धनिकांच्या, त्यांच्यासाठी सरकारने का झिजावे, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तरही हेच आहे. जी जोडणी प्रथम एस. टी.च्या प्रवाशासाठी आहे आणि मग मोटारवाल्यासाठी, तिच्यावरचा खर्च सार्वजनिकच ठरतो.

बाजारपेठ हे सारे आपोआप करील, असे मानणारा एक पक्ष आहे. शहरांत ती करीलही. पण महामार्गाच्या कडेची जमीन सरकारची, तेथील उपाहारगृहांचे आणि पंपांचे करार सरकारी, आणि वीजही नियंत्रित दराची. जेथे सारे परवाने सरकारच्या हातात आहेत तेथे अटी घालण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे. ती अवघड नाही. प्रत्येक केंद्रावर किमान चार यंत्रे, त्यांची जोडणी सर्व नव्या गाड्यांना चालणारी, यूपीआयने थेट पैसे देण्याची सोय, दराचा फलक, रात्रीही उत्तर देणारा दूरध्वनी आणि दर महिन्याला प्रसिद्ध होणारा यंत्रांच्या चालू तासांचा हिशेब, एवढ्या अटी करारात घातल्या आणि त्या मोडणाऱ्याला दंड केला, की बॅटरी मोठी असावी की लहान हा प्रश्न गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे सोडवील. आज तो भीतीपोटी सोडवत आहे.

दर २५ किलोमीटरचा आकडा दोनदा जाहीर होऊन गेला. पुढच्या धोरणात तो तिसऱ्यांदा छापण्यापूर्वी सरकारने त्याच्याशेजारी आणखी एक आकडा छापावा: आतापर्यंत उभारलेले चार्जर गेल्या वर्षाच्या ८,७६० तासांपैकी किती तास चालू होते? त्या एका आकड्यावरून नागपूरला जाणारा प्रवासी आपला पल्ला आपणच ठरवील.